मला न विचारता झालेला बाप्तिस्मा

गेल्या महिन्यात पुण्याहून मुलाचा फोन आला. "बाबा, बाळाचा बाप्तिस्मा आत्ता नको. मोठा झाल्यावर तोच ठरवेल." मी गप्प बसलो, कारण विशीत मीही हेच म्हणत होतो.

तेव्हा दुसऱ्या मंडळीतला एक मित्र म्हणायचा, "तान्हेपणी कपाळाला पाणी लावलं, तो कसला बाप्तिस्मा? तुला काय कळत होतं?" मी तोच प्रश्न आजीला विचारला. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तुला कळत नव्हतं, आमाला कळत होतं की! तुझं नाव तरी तुला विचारून ठेवलं होतं काय?"

त्या दिवशी पाळकसाहेबांपुढे माझ्या आईवडिलांनी आणि धर्ममातेने माझ्यासाठी वचन दिलं होतं. धर्ममाता म्हणजे आमच्या शेजारच्या मावशी. पुढे नोकरीसाठी मी बेळगाव सोडलं आणि आठ वर्षं चर्चची पायरी चढलो नाही. मावशींनी कधी उपदेश केला नाही. दरवर्षी बाप्तिस्म्याच्या तारखेला त्यांचं पोस्टकार्ड मात्र यायचं, "आज तुझा दिवस. प्रार्थनेत तुझं नाव घेतलं." एका वर्षी कार्ड आलं नाही. मावशी गेल्या होत्या. त्या रविवारी मी उपासनेला जाऊन बसलो, तो आजवर जातोय.

पंडिता रमाबाईंनी सप्टेंबर १८८३मध्ये इंग्लंडमधील वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. सोबत जेमतेम अडीच वर्षांच्या मनोरमेचाही झाला. आईने शोधून, विचार करून पाऊल टाकलं होतं. लेकीला कुणी विचारलं नव्हतं. तरी मनोरमाबाईंनी पुढे आपलं आयुष्य त्याच सेवेला दिलं आणि १९२१मध्ये, आईच्या आधी काही महिने, त्या देवाघरी गेल्या. दोघींच्या वाटा वेगळ्या, पण पोचल्या एकाच ठिकाणी.

शेवटी मुलाला एवढंच सांगितलं, "नुसत्या जेवणावळीसाठी बाप्तिस्मा करू नकोस. पण करशील तर पुढची वीस वर्षं दिलेलं वचन पाळायची तयारी ठेव." तो विचार करतोय. नातवाचं नाव मात्र माझ्या रोजच्या प्रार्थनेत आलंच आहे.

वाचकहो, बाळाच्या बाप्तिस्म्याला सगळी मंडळी उभी राहून "होय" म्हणते. आपण शेवटचं "होय" कोणत्या बाळासाठी म्हणालो, त्याचं नाव आज आपल्याला आठवतंय का?