टाकीला टेकलेली सायकल

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाण्याच्या टाकीला टेकून एक गुलाबी लेडीज सायकल उभी आहे. चाकांतली हवा गेलेली, सीटवर धुळीचा थर, कॅरिअरवर कुणीतरी वाळत टाकलेलं फडकं. मालकीण नववीत. कॉलेज रोडवरचा तिचा क्लास जेमतेम दीड किलोमीटरवर, पण आई रोज स्कूटीवर सोडते. विचारलं तर म्हणाली, "तिला येते हो चालवायला. भीती मला वाटते."

तसं आमचं नाशिक सायकलवेडं. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये सुमारे 4,800 किलोमीटरची 'रेस ॲक्रॉस अमेरिका' नऊ दिवसांच्या आत पुरी केली. 2017 मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच एकट्याने पुरी केली. इथून पंढरपूरला सायकलवारी जाते. रविवारी पहाटे हेल्मेटवाल्यांचे जथे दिसतात. सोमवारी सकाळी दहाला मात्र रस्त्यावर सायकल शोधावी लागते.

अमेरिकेतल्या पोर्टलंड महापालिकेत सायकलींचं काम पाहणारे रॉजर गेलर यांनी 2006 मध्ये आपल्या शहराची ढोबळ वाटणी केली. कुठल्याही रस्त्यावर बेधडक घुसणारे एक टक्क्याहून कमी. थोडी सोय असली की निघणारे 7 टक्के. काही झालं तरी नाहीच म्हणणारे 33. उरलेले 60 टक्के लोक मनातून तयार, पण गाड्यांना भिणारे. आपण कौतुक करतो ते पहिल्या एक टक्क्याचं. रस्ता हवाय तो या साठांना, त्या आईला. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत सायकलने जाणारा कामगार मात्र गेलरच्या कुठल्याच खणात बसत नाही. तो धीट नसतो, नाइलाजाने निघालेला असतो. बाइकचा हप्ता परवडला की तोही सायकल सोडतो.

भीती खरी की मनाची? कॅनडातल्या के टेश्के आणि सहकाऱ्यांनी याचा छडा लावायला साधी युक्ती केली. टोरांटो आणि व्हँकुव्हरमध्ये सायकलवरून पडून दवाखान्यात आलेल्या 690 जणांना त्यांनी गाठलं. प्रत्येकाचा त्या दिवशीचा मार्ग विचारला आणि पडलेल्या जागेची त्याच मार्गावरच्या दुसऱ्या एखाद्या जागेशी तुलना केली. माणूस तोच, दिवस तोच, फरक फक्त रस्त्याचा. 2012 मध्ये निष्कर्ष छापून आले. सर्वांत वाईट ठरला तो कडेला गाड्या लावलेला, सायकलची काहीही सोय नसलेला मोठा रस्ता. अशाच रस्त्याशेजारी सायकलींसाठी वेगळा राखलेला मार्ग असला, तर धोका जवळपास नवव्या हिश्शावर. कडेच्या गाड्या टाळायला सायकलस्वार मधे सरकतो आणि मागून बस येते. नाहीतर गाडीचं दार अचानक उघडतं. कॉलेज रोडवर संध्याकाळी अर्धा तास उभे राहा, कॅनडाला जायला नको.

आपल्याकडे अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका या 1.1 किलोमीटरच्या स्मार्ट रोडवर सायकल ट्रॅक आला. पण सव्वा किलोमीटरही नसलेला ट्रॅक म्हणजे दोन्ही टोकांना पायऱ्या नसलेला जिना. कुणी कशाला चढेल?

"आपल्याकडे ऊन फार" ही नेहमीची सबब. स्पेनमधल्या सेव्हिलला उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तिथे 2006 नंतर चार-पाच वर्षांत सुमारे 120 किलोमीटरचे, कठडे असलेले आणि मुख्य म्हणजे एकमेकांना जोडलेले सायकलमार्ग झाले. त्यासाठी गाड्यांच्या पार्किंगच्या हजारो जागा गेल्या, आरडाओरडही झाली. पण पूर्वी एक टक्काही नसलेला सायकलींचा वाटा काही वर्षांत सहा-सात टक्क्यांपर्यंत गेला.

सिंहस्थासाठी शहरातले रस्ते उकरले जाणार आहेतच. महापालिकेने स्मार्ट रोडचा ट्रॅक त्र्यंबक नाक्यावर न तोडता सलग सातपूरपर्यंत न्यावा, मधे कठडा घालावा आणि त्यावर एकही गाडी उभी राहू देऊ नये. कामगार लगेच वापरतील. गुलाबी सायकलीच्या चाकांत हवा भरायचं काम आमच्या सोसायटीकडे लागलं.