देऊनही उरणारी वस्तू

हाँगकाँगमध्ये जानेवारी २००५ मध्ये सीमाशुल्क खात्याचे अधिकारी ३८ वर्षांच्या एका बेकार माणसाच्या घरी जाऊन थडकले. ‘बिग क्रूक’ या टोपणनावाने वावरणाऱ्या या माणसाने ‘डेअरडेव्हिल’, ‘रेड प्लॅनेट’ आणि ‘मिस कन्जिनिअ‍ॅलिटी’ हे तीन हॉलिवूडपट इंटरनेटवर सर्वांसाठी खुले केले होते. तिन्ही चित्रपट जुने, चित्रपटगृहांतून केव्हाच उतरलेले. त्याने कोणाकडून पैसाही घेतला नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तुएन मुन इथल्या दंडाधिकाऱ्यांनी त्याला तीन महिन्यांची कैद सुनावली. बिटटॉरेंटवरून चित्रपट वाटल्याबद्दल फौजदारी शिक्षा झालेला जगातला पहिला माणूस म्हणून तो ओळखला जातो.

शिक्षा लहान होती. पण प्रकरण अपिलात गेले, तिथून पुढच्या अपिलात गेले आणि मे २००७ मध्ये हाँगकाँगच्या अंतिम अपील न्यायालयाने त्यावर निकाल दिला. तिथे जो प्रश्न उभा राहिला तो मला कायद्यातल्या सर्वांत विलक्षण प्रश्नांपैकी एक वाटतो. या माणसाने नेमके काय दिले? देण्याआधी चित्रपट जेवढे त्याच्याजवळ होते तेवढेच दिल्यानंतरही होते. एक चौकटसुद्धा कमी झाली नव्हती.

चोरट्या प्रती वाटण्याबद्दलचे कायदे पुस्तके, तबकड्या आणि कॅसेटी समोर ठेवून लिहिले गेले. विकणाऱ्याच्या हातून कॅसेट सुटली आणि घेणाऱ्याच्या हातात पडली, की देणे पूर्ण झाले. पोलिसांना पंचनाम्यात नग मोजता येत होते. बिटटॉरेंटमध्ये मोजायला नगच उरत नाही, आणि ते का उरत नाहीत हे पाहताना माणूस थक्क होतो.

ब्रॅम कोहेन या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने २००१ मध्ये ही पद्धत लोकांसमोर आणली. त्याच्यापुढची अडचण साधी होती. एक मोठी फाइल हजार जणांना हवी असेल, तर एकाच संगणकाने ती हजार वेळा पाठवायची म्हणजे तो बिचारा दमून जाणार. कोहेनने फाइलचे तुकडे केले. सीडीवर मावणारा ७०० एमबीचा चित्रपट घेतला आणि प्रत्येक तुकडा २५६ केबीचा ठेवला, तर २८०० तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावरून गणिताने एक ठसा काढला जातो. हा ठसा २० बाइटचा, पण इतके शक्य ठसे आहेत की ती संख्या १ वर ४८ शून्ये मांडली तरी थोडी कमीच पडेल. तुकड्यातला एक बिट बदलला तरी ठसा पूर्ण पालटतो. त्यामुळे अनोळखी माणसाकडून आलेला तुकडा खरा की खोटा, हे घेणारा संगणक स्वतःच ताडून बघतो.

हे २८०० ठसे ज्या छोट्या फाइलमध्ये असतात तिला टॉरेंट फाइल म्हणतात. ठशांची जागा ५६,००० बाइट, म्हणजे मध्यम आकाराच्या एका छायाचित्राहूनही कमी. शिवाय तिच्यात फाइलचे नाव, आकार आणि तुकडे कोणाकोणाकडे आहेत हे सांगणाऱ्या ट्रॅकरचा पत्ता असतो. चित्रपटाचे एकही दृश्य, एकही संवाद तिच्यात नसतो. बिग क्रूकने लोकांपुढे ठेवली होती ती ही फाइल.

खरी करामत पुढे आहे. ज्याच्याकडे पूर्ण चित्रपट आहे तो सीडर. सुरुवातीला तो एकटाच असतो. पण तो सगळे तुकडे सगळ्यांना देत बसत नाही. एकाला ४१७ वा तुकडा मिळतो, दुसऱ्याला १२०३ वा, आणि मग ते दोघे आपसात देवाणघेवाण सुरू करतात. जो तुकडा सर्वांत कमी जणांकडे आहे तो आधी मागायचा, असा नियमच आहे, म्हणजे दुर्मिळ तुकडा दुर्मिळ राहत नाही. जो जास्त देतो त्याला जास्त मिळते. एखाद्या गावच्या पंगतीत जेवायला बसलेला प्रत्येक जण जेवता जेवताच शेजाऱ्याला वाढूही लागावा, तसे हे चालते. जितके लोक जास्त, तितके सगळ्यांचेच काम लवकर उरकते. बाजारात गर्दी वाढली की रांग लांबते. इथे गर्दी वाढली की रांग आटते.

आता या व्यवस्थेसमोर फौजदारी कायदा उभा करून बघा. घेणाऱ्याने स्वतःहून मागितले. प्रत त्याच्या संगणकात तयार झाली. तिचे कित्येक तुकडे तिसऱ्याच माणसांकडून आले. बिग क्रूकच्या वकिलांनी हेच मांडले: आमच्या अशिलाने फार तर दार उघडे ठेवले, प्रती करणारे दुसरेच होते. शिवाय वाटलेली ‘प्रत’ दाखवा कुठे आहे ती.

हा युक्तिवाद पोकळ नव्हता. फौजदारी कायद्यात शब्द ताणून माणसाला तुरुंगात टाकायचे नसते, आणि ते योग्यच आहे. पण न्यायालयाने यंत्राचे काम बारकाईने समजून घेतले आणि उत्तर दिले. विद्युत रूपातली प्रत हीसुद्धा प्रतच. ती तारेतून पुडक्या-पुडक्यांनी जाते, वाटेत क्षणभरच अस्तित्वात असते, म्हणून ती प्रत नाही असे होत नाही. वाटणाऱ्याने स्वतःजवळची प्रत गमावली पाहिजे, अशीही अट नाही. आणि हा माणूस निष्क्रिय तर मुळीच नव्हता. त्याने टॉरेंट फाइल बनवली, जाहीर केली, संगणक चालू ठेवला, जोडणी तोडली नाही. हवे ते तुकडे मागणाऱ्याला मिळावेत म्हणूनच हे सारे होते. अधिकाऱ्यांनी स्वतः ते चित्रपट उतरवून घेतले होते आणि तुकडे कोणत्या आयपी पत्त्यावरून येतात हे पाहिले होते. त्यांना घरापर्यंतचा माग लागला तो तिथूनच. अपील फेटाळले गेले.

पैसे घेतले नाहीत, याचा बचाव होऊ शकला नाही, कारण हाँगकाँगच्या कायद्याचे ते कलम नफ्याबद्दल विचारतच नाही. मालकाच्या हक्काला बाधा येईल इतक्या प्रमाणात वाटप झाले का, एवढेच ते विचारते. मला ही कसोटी पटते. दहा वर्षे खपून चित्रपट करणाऱ्याचे नुकसान फुकट वाटणाऱ्याकडून कमी होत नाही, उलट फुकटाला गिऱ्हाईक जास्त.

हाच प्रश्न २०१६ मध्ये मुंबईत वेगळ्या अंगाने आला. ‘ढिशूम’ या हिंदी चित्रपटाच्या चोरट्या प्रती रोखण्यासाठी उच्च न्यायालयात दाद मागितली गेली होती आणि कितीतरी संकेतस्थळे बंद करण्यात आली. बंद पानावर लोकांना एक इशारा दिसू लागला. त्यात चोरटी प्रत नुसती पाहणे हाही तीन वर्षांपर्यंत कैदेचा आणि तीन लाखांपर्यंत दंडाचा गुन्हा असल्यासारखे लिहिले होते. देशभर घबराट उडाली. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तो मजकूर दुरुस्त करायला लावला आणि स्पष्ट केले की गुन्हा पाहण्यात नाही. परवानगीशिवाय वाटण्यात, जाहीरपणे दाखवण्यात, विकण्यात किंवा भाड्याने देण्यात आहे.

रेषा स्पष्ट आहे, आणि ती आखली गेली याचे समाधान वाटते. पण आता पुन्हा त्या पंगतीकडे बघा. टॉरेंटवरून चित्रपट उतरवणारा माणूस समजतो की आपण फक्त घेतो आहोत. त्याचे सॉफ्टवेअर मात्र पहिला तुकडा हाती आल्याबरोबर तो इतरांना देऊ लागते. त्यासाठी कोणतेही बटण दाबावे लागत नाही, ती त्या पद्धतीची मूळ घडणच आहे. चित्रपट निम्माही उतरलेला नसतो आणि पाहू इच्छिणारा वाटणारा झालेला असतो.

अमेरिकेत याच्या उलट बाजूचे कोडे होते. तिथल्या कायद्यात प्रती करण्याचे आणि वाटण्याचे हक्क वेगळे, तर जाहीर प्रयोग करण्याचा हक्क वेगळा. चोरट्या प्रती मोठ्या प्रमाणात वाटल्या तर पाच वर्षांपर्यंत कैद होती. पण तोच चित्रपट लाखो लोकांना थेट प्रवाहातून दाखवला, म्हणजे स्ट्रीम केला, तर तो कायद्याच्या दृष्टीने प्रयोग, आणि त्याला कमाल एकच वर्ष. डिसेंबर २०२० मध्ये कायदा बदलला तेव्हा ही फट बुजली. पैशासाठी असा चोरटा प्रवाह चालवणाऱ्या सेवेला आता तीन वर्षे, चित्रपट अजून प्रदर्शित व्हायचा असेल तर पाच वर्षे, आणि पुन्हा तोच गुन्हा केला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पाहणाऱ्या सामान्य माणसाला तो कायदा हात लावत नाही.

आपल्याकडचा पाया १९५७ चा कॉपीराइट कायदा. कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला किंवा त्याला साहाय्य करणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. व्यापारी फायद्यासाठी केले नसेल, तर न्यायालय खास कारणे नोंदवून शिक्षा किमान मर्यादेच्या खाली आणू शकते. म्हणजे निःस्वार्थीपणा शिक्षा कमी करू शकतो, गुन्हा पुसत नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सांगितले, तेव्हा पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते.

२०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात भर पडली. चोरटी प्रत करण्याच्या हेतूने चित्रपटगृहात कॅमेरा चालवणे आणि नफ्यासाठी चोरटी प्रत लोकांना दाखवणे यांना तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड. दंडाची वरची मर्यादा मात्र रुपयांत लिहिलेली नाही. ती आहे चित्रपटाच्या लेखापरीक्षित निर्मितिखर्चाच्या पाच टक्के. वीस कोटींच्या चित्रपटाला ती एक कोटी होते.

चित्रपटगृहात चोरून केलेली प्रत कुठली, हे कसे कळते? डिजिटल चित्रपटासाठी हॉलिवूडच्या स्टुडिओंनी मिळून जे मानक ठरवले त्यात याचे उत्तर आहे, आणि ते वाचताना मी अवाक झालो. पडद्यावर पडणाऱ्या चित्रात आणि ध्वनीत, डोळ्याला दिसणार नाही आणि कानाला ऐकू येणार नाही अशी ३५ बिटांची खूण मिसळली जाते. त्यातले १९ बिट यंत्राचा पत्ता सांगतात. त्यांतून पाच लाख चोवीस हजारांहून अधिक वेगवेगळे पत्ते लिहिता येतात. उरलेले १६ बिट वेळ सांगतात: वर्षातला कोणता दिवस आणि त्यातला कोणता पाव तास. ही पूर्ण खूण दर पाच मिनिटांच्या भागात असते. कोणी मोबाइलने पडदा टिपला, चित्र वाकडे आले, कडा कापल्या, फाइल दाबून लहान केली, तरी ती टिकावी लागते. अर्ध्या तासाचा तुकडा हाती लागला तर कोणते चित्रपटगृह आणि कोणता खेळ हे सांगता आले पाहिजे, अशी अटच आहे. रसिक पडद्यावर नट-नट्या पाहत असतात, आणि त्याच प्रकाशात त्या सभागृहाचा पत्ता आणि त्या घटकेची वेळ झळकत असते.

महाराष्ट्रात आणखी एक कायदा आहे आणि त्याचे नाव वर्तमानपत्रांत नेहमी दिसते: झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार, धोकादायक व्यक्ती यांना आळा घालणारा १९८१ चा एमपीडीए. २००९ मध्ये त्या यादीत व्हिडीओ पायरेट्स आले. या कायद्याखाली खटला चालून दोष सिद्ध होण्याआधीच एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येते. चित्रपटाच्या मालकाच्या बाजूने मी पूर्ण मनाने उभा आहे, तरी हे मला मान्य नाही. तुकडा कोठून निघाला आणि कोणाला गेला हे जर इतक्या नेमकेपणाने सिद्ध करता येते, तर ते न्यायालयातच सिद्ध व्हावे, आणि शिक्षा त्यानंतर व्हावी.

मोबाइलवर आलेला चित्रपट पुढच्या गटाला पाठवताना एका बोटाने जे घडते त्यात हाँगकाँगच्या न्यायालयाने तपासलेले सारे काही आहे: तुमची प्रत तुमच्याकडे राहते आणि नवी दुसरीकडे पोहोचते. आणि घरातल्या संगणकावर कोणी टॉरेंट चालवत असेल, तर त्या खिडकीत ‘अपलोड’ नावाचा रकाना असतो. तो आज उघडून बघा. तिथे शून्य नसेल, तर वाटप झालेले आहे.