आयडा वेल्स : पुराव्यानिशी लढणारी लेखणी

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात १८६२ साली गुलामीत जन्मलेल्या आयडा वेल्स शिक्षिका होत्या. पुढे पत्रकार झाल्या. मेम्फिस शहरात १८९२ साली किराणा दुकान चालविणाऱ्या तीन कृष्णवर्णीयांना गोऱ्या जमावाने ठार मारले. त्यांत वेल्स यांचे एक मित्रही होते. दुकानाची गोऱ्या दुकानदाराशी स्पर्धा होती, हे मूळ कारण. अशा हत्यांसाठी पुढे केली जाणारी बलात्काराची सबब खोटी आहे, असे वेल्स यांनी लिहिताच त्यांच्या वृत्तपत्राचे कार्यालय उद्ध्वस्त करण्यात आले. तरीही लेखणी थांबली नाही. १८९५ च्या ‘द रेड रेकॉर्ड’ या पुस्तकात त्यांनी गोऱ्यांच्याच वृत्तपत्राने छापलेले आकडे मांडले. अतिशयोक्तीच्या आरोपाला जागाच ठेवली नाही. विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सांगू : अन्यायाची चीड हवीच, पण सोबत नाव, तारीख आणि आकडाही हवा.