पियानोवादक टेडी वेदरफोर्ड

जुन्या हिंदी चित्रपटांतील एखादें नाचरें गाणें लागलें म्हणजे त्यांतील ट्रंपेट, सॅक्सोफोन व पियानो यांची लगबग कानांस सुखविते. परंतु हे विलायती सूर आपल्या गाण्यांत कोणत्या वाटेनें आले, याचा विचार सहसा होत नाहीं. त्या वाटेवरील एक मोठा कलावंत म्हणजे अमेरिकेचे कृष्णवर्णीय पियानोवादक टेडी वेदरफोर्ड.

त्यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९०३ रोजीं व्हर्जिनियांत झाला. न्यू ऑर्लीन्स येथें पियानो शिकून १९२२ च्या सुमारास ते शिकागोस आले. तेथें व्हेंडोम चित्रगृहांत अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदांत ते वाजवीत, आणि ट्रंपेटवर त्यांचे सोबती असत लुई आर्मस्ट्राँग.

हें संगीत म्हणजे जॅझ. आणि त्याचा एक जिव्हाळ्याचा झरा म्हणजे ब्लूज्. चार चार मात्रांचे बारा खंड झाले कीं ब्लूज्‌चें एक कडवें बहुधा पुरें होतें. त्यांतील गंधार व निषाद कोमल आणि शुद्ध यांच्या मध्यें कोठें तरी लागतात. गळ्याला ही जागा सहज साधते. पियानोच्या ठराविक पट्ट्यांत ती नसतेच. म्हणून वादक शेजारच्या दोन पट्ट्या जवळजवळ एकदम दाबून तिचा भास उत्पन्न करतो. डावा हात डग्ग्याप्रमाणें लय सांभाळतो : एका मात्रेवर खर्जाचा स्वर, दुसरीवर स्वरसंघात. उजवा हात मात्र, गवयानें बंदिशीभोंवतीं बढत करावी तसा, मूळ चालीभोंवतीं नवनव्या जागा घेत फिरतो. या दुहेरी कामांत वेदरफोर्ड तरबेज होते.

नांव होऊं लागलें असतांनाच, १९२६ सालीं, जॅक कार्टर यांच्या संचाबरोबर त्यांनीं पूर्वेचा रस्ता धरला. १९२८ त आर्मस्ट्राँग यांच्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकांत पियानोवर अर्ल हाइन्स होते. हाइन्स यांची कीर्ति जगभर झाली. वेदरफोर्ड यांना मायदेश विसरत गेला.

शांघायमध्यें कांहीं वर्षें काढून ते मुंबईस आले. अमेरिकेंत ज्या तोलाच्या हॉटेलांत कृष्णवर्णीयांस पाहुणा म्हणून प्रवेश मिळणें दुरापास्त होतें, तशा ताजमहाल हॉटेलांत ते प्रथम क्रिकेट स्मिथ यांच्या संचांत वाजवूं लागले व पुढें स्वतःच नायक झाले. १९३७ सालीं पॅरिस येथें त्यांच्या एकल वादनाच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. युद्धकाळांत ते कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलांत होते. तेथील कांहीं ध्वनिमुद्रिकांवर वादनाबरोबर त्यांचें गाणेंही ऐकूं येतें. २५ एप्रिल १९४५ रोजीं, वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षीं, पटकीनें ते कलकत्त्यास वारले.

त्यांच्या मुंबईच्या संचांत फ्रँक फर्नांड यांच्यासारखे गोमंतकीय वादक होते. गोव्याच्या चर्चशाळांमुळें व्हायोलिन आणि स्वरलिपि तेथील मुलांच्या अंगवळणीं पडलेली असे. कागदावरील स्वर बिनचूक वाजविणें त्यांना ठाऊक होतें. कागद बाजूस ठेवून स्वतःचें कांहीं वाजविण्याचें धाडस त्यांनीं अशा संगतींत मिळविलें.

पुढें चित्रपटांना मोठे वाद्यवृंद लागूं लागले, आणि १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यानें हॉटेलांतील नाचगाणें ओसरलें. तेव्हां हे गोमंतकीय वादक चित्रपटसंगीताकडे वळले. फ्रँक फर्नांडही त्यांत होते. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ऊर्फ चिक चॉकलेट, यांनीं सी. रामचंद्र यांना साथ दिली. १९५१ च्या 'अलबेला'मध्यें त्यांचा संच पडद्यावरही दिसतो. गोरेगांवच्या फिल्मिस्तानचा 'शहनाई' १९४७ सालीं आला, आणि रामचंद्रांनीं त्यांत मिसळलेला पाश्चात्त्य ठेका घरोघर पोहोंचला.

वेदरफोर्ड यांना हें ऐकावयास मिळालें नाहीं. ज्या शहरांत त्यांनीं तो ठेका वाजविला, त्याच्या उपनगरांतून तो मराठी घरांपर्यंत आला. तो ऐकतांना या दूरच्या पाहुण्याचें स्मरण ठेवणें उचित होय.