टेम्प्लेट इंग्रजी, मजकूर मराठी

आपली वेबसाइट : भाग 5

गेल्या आठवड्यात आपण पसारा आवरला. पहिल्या पानावरची आपोआप सरकणारी चित्रं काढली, मेनू चार शब्दांवर आणला. पान सुटसुटीत झालं, तरी दोन परिच्छेद वाचले की डोळे शिणतात, अशी तक्रार उरतेच. मराठी साइटवर या तक्रारीचं मूळ बहुधा एकाच ठिकाणी सापडतं. फुकट मिळणारी बहुतेक टेम्प्लेट रोमन अक्षरं समोर ठेवून आखलेली असतात आणि त्यांत आपण मराठी मजकूर जसाच्या तसा ओततो. आज ही मापं बदलायची आहेत.

समजा, एक तरुण रावेतला राहतो, चाकणच्या टूलरूममध्ये डिझाइनचं काम करतो आणि सुट्टी मिळाली की पवन मावळात तिकोना नाहीतर तुंग गाठतो. त्याच्या साइटवर कामाचे नमुने आहेत आणि किल्ल्यांवरचे लेख. हे लेख वाचणार कोण? त्याच्यासारखेच लोक. कंपनीच्या बसमध्ये बसून, तळवड्याच्या रस्त्याचे धक्के खात, खिडकीतून येणाऱ्या उन्हात फोन धरून. घरच्या लॅपटॉपवर देखणं दिसणारं पान नापास होतं ते इथे.

पहिलं माप ओळींमधल्या अंतराचं, म्हणजे लाइन-हाइटचं. रोमन मजकुराला अक्षराच्या आकाराच्या 1.4 ते 1.5 पट अंतर पुरतं. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. वरच्या ओळीत ‘बुरूज’ आणि नेमका त्याच्या खाली ‘मूर्तींच्या’ आला, की उकार आणि रफार एकमेकांना भिडतात. टूलरूममधल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको: पत्र्याची जाडी बदलली की पंच आणि डायमधला क्लिअरन्सही बदलावा लागतो. लिपी बदलली की ओळींचा क्लिअरन्सही बदलायचा. 1.7 पासून सुरुवात करा आणि हे दोन शब्द एकाखाली एक ठेवून तपासा. अक्षराचा आकारही थोडा वाढवा. ब्राउझरचं ठरलेलं माप 16 पिक्सेल असतं. मराठीला 18 किंवा 19 बरं वाटतं.

दुसरी गोष्ट लेटर-स्पेसिंगची. इंग्रजी मथळे ऐसपैस दिसावेत म्हणून टेम्प्लेटवाले अक्षरांमध्ये दोन-तीन पिक्सेल फट सोडतात. त्याच मथळ्यात ‘विसापूर’ लिहा आणि स्क्रीन मोठी करून पाहा. शिरोरेषा तुटलेली असेल, आणि एका शब्दाऐवजी सुटी सुटी अक्षरं उभी दिसतील. सीएसएसमध्ये लेटर-स्पेसिंग शोधा आणि शून्य करा. मथळा उठून दिसायला हवा असेल तर ठसा जाड करा. तिरपी अक्षरंही टाळा. जोर देण्याची ती तऱ्हा रोमनची आहे.

तिसरी गोष्ट, मजकुराच्या दोन्ही कडा सरळ करण्याचा मोह. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे ‘तटबंदीपलीकडच्या’ किंवा ‘पायथ्यापासूनची’ असे लांबलचक शब्द होतात. फोनवर एका ओळीत चार-पाच शब्द मावतात. त्यांना ताणून उजवी कड गाठायला लावलं, की मध्ये भगदाडं पडतात. डावी कड सरळ ठेवा, उजवी आपसूक राहू द्या.

चौथी गोष्ट बाहेरून दिसत नाही: पानाची भाषा. अनेक टेम्प्लेटच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषा ‘ईएन’ लिहिलेली असते. तिथे ‘एमआर’ करा. स्क्रीन रीडर मजकूर मराठी म्हणून वाचायला घेतो, हा मोठा फायदा. शिवाय ज्या फाँटमध्ये सोय असते, तो ल आणि श यांची मराठी रूपं दाखवतो. राज्य शासनाने 2009 साली देवनागरीच्या प्रमाणीकरणाचा निर्णय काढला, त्यात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिले आहेत. ‘लोहगड’ लिहिताना ल हिंदी वळणाचा आला, तर मराठी वाचकाची नजर क्षणभर अडखळतेच.

फाँट निवडताना दोन नावं पाहा. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ सात वजनांत मिळतो, त्यामुळे मथळा आणि मजकूर दोन्हींची सोय होते. लांब लेखांसाठी ‘टिरो देवनागरी मराठी’ छापील पुस्तकाच्या जवळ जातो, पण त्यात जाड ठसा नाही. ब्राउझर मग स्वतःच अक्षरं फुगवतो आणि ती बरबटलेली दिसतात. टिरो घेतलात तर मथळ्यांना मुक्त लावा. दोनाहून जास्त फाँट नकोत.

शेवटचा मुद्दा रंगाचा. पांढऱ्यावर फिकट राखाडी मजकूर सध्या सर्रास दिसतो. वेबच्या सुगम्यता निकषांनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी रंगभेद किमान 4.5 ला 1 हवा. टेम्प्लेटमधला ‘999’ हा नेहमीचा राखाडी तीनच्याही खाली जातो. बसच्या खिडकीतल्या उन्हात तो दिसणारच नाही. रावेतच्या बास्केट ब्रिजच्या फोटोवर थेट लिहिलेलं नावही तसंच हरवतं. नाव फोटोखाली, साध्या पांढऱ्यावर आणा.

या आठवड्याचा गृहपाठ: आपला सर्वांत लांब लेख फोनवर उघडा, भर दुपारी गॅलरीत उभे राहून शेवटपर्यंत वाचा. जिथे वाचन सोडावंसं वाटलं, ती ओळ टिपून ठेवा आणि वरच्या सहा गोष्टींपैकी कोणती तिथे नडली ते शोधा. पुढच्या भागात फोटोंचं वजन. फोनमधून काढलेला चार हजार पिक्सेल रुंदीचा फोटो जसाच्या तसा चढवला, की पान उघडेपर्यंत वाचक निघून का जातो, ते पाहू.