सालीच्या भाकरीपासून गुलाबी लापशीपर्यंत

मुलांनो, परवाच्या मधल्या सुट्टीतली गोष्ट. आमच्या वर्गातली मुलं खिचडी खायला ओळीनं बसली होती. सकाळीच भूगोलाच्या तासाला जगाचा नकाशा पाहून झाला होता. एकानं घास हातात धरूनच विचारलं, "बाई, तो वरचा फिनलंड आहे ना, तिथं एवढा बर्फ असतो, मग माणसं खातात तरी काय?"

प्रश्न अगदी फक्कड होता. म्हणून तर हा लेख!

चला, तुम्हीही नकाशा उघडा बघू. युरोपच्या अगदी उत्तरेला, स्वीडन आणि रशिया यांच्या मध्ये फिनलंड सापडेल. आकारानं आपल्या महाराष्ट्राहून थोडा मोठा, पण वस्ती फक्त ५६ लाखांच्या आसपास. आणि तळी किती? १ लाख ८७ हजारांहून अधिक! उरलेल्या बहुतेक भागात जंगल. थंडीत अगदी उत्तरेच्या टोकाला सुमारे ५० दिवस सूर्य उगवतच नाही. म्हणजे उन्हाळ्याच्या तीन-चार महिन्यांत जे पिकेल, जे जंगलात सापडेल, जे तळ्यात गावेल, त्यावर वर्ष काढायचं. तिथला सगळा स्वयंपाक या एका गोष्टीभोवती फिरतो, बरं का!

तिथलं मुख्य धान्य म्हणजे राय. गव्हाचंच भावंड, पण थंडीला दाद न देणारं. शरद ऋतूत पेरलेलं राय बर्फाखाली दबून राहतं आणि पुढच्या उन्हाळ्यात कापणीला येतं. त्याचा काळसर, आंबूस पाव म्हणजे 'रुइसलेइपॅ'. आपण दह्याला विरजण लावतो ना, तशीच तिथं पिठाला मागच्या वेळच्या आंबलेल्या पिठाची जोड देतात. पूर्वी पीठ मळायचं लाकडी पिंप मुद्दामच धूत नसत. कडेला चिकटलेलं पीठ हेच पुढचं विरजण!

देशाच्या पश्चिम भागात तर वर्षातून मोजक्याच वेळा भट्टी पेटायची. मग एकदम ढीगभर पाव भाजायचे. हे पाव चपटे, वाटोळे आणि मधोमध भोक पाडलेले. भोक कशाला? त्यातून काठी ओवून सगळे पाव छताखाली टांगून ठेवायचे. ते वाळून कडक होत आणि महिनोन्महिने टिकत. उंदरांनाही मिळत नसत!

पण मुलांनो, कधीकधी तो पावही मिळत नसे. १८६७ साली वसंत ऋतू आलाच नाही म्हणा ना! कित्येक तळी जून उजाडला तरी गोठलेलीच होती. उशिरा पेरलेलं पीक सप्टेंबरच्या सुरुवातीच्या कडाक्यानं करपून गेलं. १८६६ ते १८६८ या दुष्काळात उपासमारीनं आणि रोगराईनं देशातली सुमारे आठ टक्के माणसं दगावली. म्हणजे दर बारा-तेरा माणसांमागं एक. तेव्हा लोकांनी काय खाल्लं, ठाऊक आहे? झाडाची साल! पाइन झाडाच्या सालीचा आतला मऊ पापुद्रा काढायचा, वाळवायचा, भाजायचा, कुटून दळायचा आणि उरल्यासुरल्या रायच्या पिठात मिसळायचा. या सालीच्या पावाची चव कडवट. पण मुलांच्या पोटात काहीतरी जावं म्हणून आया तो भाजत होत्या.

अशी भूक पाहिलेल्या देशानं पुढं काय केलं ते ऐका. १९४३ साली फिनलंड महायुद्धात अडकला होता. अन्नाची टंचाई होती. आणि नेमक्या त्याच वर्षी तिथं कायदा झाला, की शाळेतल्या प्रत्येक मुलाला दुपारचं जेवण फुकट द्यायचं. तयारीला पाच वर्षं दिली आणि १९४८ पासून तो सगळीकडं लागू झाला. सगळ्या शाळकरी मुलांना असं जेवण देणारा फिनलंड हा जगातला पहिला देश मानला जातो. सुरुवातीला ताटात काय असायचं? लापशी नाहीतर सूप. आणि मुलांनीही हातभार लावायचा. शाळेच्या मळ्यात भाजी पिकवायची, रानात जाऊन फळं वेचून आणायची. आपल्याकडं मध्यान्ह भोजनाची देशव्यापी योजना १९९५ साली सुरू झाली. खिचडीच्या रांगेत उभे राहाल तेव्हा या लांबच्या भावंडांची आठवण काढा हं.

रानातली फळं म्हणजे पिटुकली आंबट-गोड फळं. रानमेवाच तो! जंगल कुणाच्याही मालकीचं असो, तिथली रानफळं आणि अळंबी वेचायचा हक्क सगळ्यांना आहे. 'लाक्का' नावाचं केशरी फळ तर त्यांच्या दोन युरोच्या नाण्यावर विराजमान झालं आहे. 'पुओलुक्का' हे लालचुटूक, आंबट फळ मोठं गुणी. त्यात बेन्झॉइक आम्ल मुळातच असतं. त्यामुळं ते न शिजवता, नुसतं ठेचून ठेवलं तरी हिवाळाभर टिकतं.

आता एका पदार्थाचं नाव सांगते, हसायचं नाही. 'कार्यालान्पीराक्का'! याचा कार्यालयाशी काही संबंध नाही. कार्याला हा पूर्वेकडचा प्रांत. तिथं रायच्या पिठाची कागदासारखी पातळ पारी लाटतात, मध्ये भाताची लापशी पसरतात, कडा दुमडून चुण्या घालतात आणि कडक भट्टीत भाजतात. वर लोण्यात कुस्करलेलं उकडलेलं अंडं. युद्धात त्या प्रांताचा मोठा भाग रशियाकडं, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघाकडं गेला. चार लाखांहून अधिक माणसांना घरदार सोडून देशाच्या इतर भागांत जावं लागलं. शेत, भट्टी, घर सगळं मागं राहिलं. पण पारी लाटणारे हात बरोबर होते. नव्या गावातल्या शेजाऱ्यांनी हा पदार्थ चाखला आणि आज तो साऱ्या फिनलंडचा झाला आहे.

आणि एक गंमत. तिथल्या 'पुल्ला' नावाच्या गोड पावात काय घालतात, ओळखा पाहू? वेलदोडा! ज्याचं मूळ घर आपल्या पश्चिम घाटाच्या दक्षिणेकडच्या जंगलांत, तो वेलदोडा तिकडं बर्फात दरवळतो!

चला तर, आता स्वयंपाकघरात. पण गॅसजवळ आई, बाबा किंवा आजी हवीच.

पहिला पदार्थ, 'विस्पिपूरो' म्हणजे घुसळलेली लापशी. तिथं ती पुओलुक्काची करतात. आपण पिकलेली करवंदं, तुती किंवा स्ट्रॉबेरी घेऊ. वाटीभर फळं तीन वाट्या पाण्यात दहा मिनिटं उकळा आणि गाळून घ्या. त्यात अर्धी वाटी साखर घालून पुन्हा उकळी आणा. आता अर्ध्या वाटीला थोडा कमी बारीक रवा भुरभुरवत घाला. एका हातानं ढवळत राहा, नाहीतर गुठळ्या होतील. मंद आचेवर दहा मिनिटं शिजू द्या. मग पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवा. लापशी पूर्ण निवली, की रवी घ्या आणि घुसळा. पूर्वी तिकडंही पाइनच्या शेंड्याची, फांद्यांचे खुंट ठेवलेली लाकडी घुसळणी असायची. आपल्या रवीची बहीणच! दहा मिनिटांत हवा भरून लापशी फुलते आणि तिचा रंग फिकट गुलाबी होतो. वाटीत घालून वर गार दूध ओता. मी घरी केली तेव्हा माझा हात भरून आला, पण पातेलं मात्र चाटूनपुसून साफ झालं! रानात न ओळखीची फळं तोंडात टाकायची नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा.

दुसरा पदार्थ, 'रीसिपूरो'. हा नाताळातला. एक वाटी चिकट तांदूळ, इंद्रायणी किंवा आंबेमोहोर, दोन वाट्या पाण्यात शिजवा. पाणी आटलं की पाच वाट्या दूध घालून मंद आचेवर पाऊण तास शिजवा. मधूनमधून ढवळा, दूध खाली लागतं. चिमूटभर मीठ घाला. साखर आत घालायची नाही, हाच खिरीतला आणि यातला फरक. ताटलीत वाढल्यावर वरून साखर, दालचिनीची पूड आणि मध्ये लोण्याचा गोळा. त्याला म्हणतात 'लोण्याचा डोळा'. पातेल्यात सोललेला एकच बदाम लपवायचा. ज्याच्या वाट्याला तो येईल, त्याचं येतं वर्ष भाग्याचं. फक्त नीट चावून खा हं!

परवा हे सगळं सांगून झालं, तेव्हा तो प्रश्न विचारणारा मुलगा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाई, साल खाऊन पोट भरतं?" मी म्हटलं, "भरत नाही रे, नुसतं भरल्यासारखं वाटतं." त्यानं ताटात उरलेली खिचडी गुपचूप संपवली आणि ताट धुवायला पळाला.

तुम्ही काय करणार? येत्या रविवारी गुलाबी लापशी की बदामाची? कुणाचा हात भरून आला आणि बदाम कुणाला सापडला, ते आम्हाला नक्की कळवा.