नोंदवही आणि निवासबंदी: समज आणि वस्तुस्थिती

लैंगिक गुन्ह्याची शिक्षा भोगून सुटलेल्या माणसावर नजर ठेवण्यासाठी अमेरिकेत दोन उपाय योजले जातात. पहिला नोंदवहीचा. सुटलेल्या माणसाने आपला पत्ता, छायाचित्र, नोकरीचे ठिकाण, वाहन यांची माहिती पोलिसांना द्यायची आणि ठरावीक मुदतीने ती ताजी करायची. दुसरा निवासबंदीचा. शाळा, पाळणाघर, बाग यांपासून अमुक फुटांच्या आत त्याने घर करायचे नाही. चर्चेत हे दोन्ही उपाय एकाच दमात घेतले जातात. प्रत्यक्षात त्यांचा उगम वेगळा आहे आणि परिणामही वेगळे आहेत.

नोंदवही सुरुवातीपासून जनतेसाठी खुली होती, हा समज चुकीचा आहे. कॅलिफोर्नियाने १९४७ मध्ये राज्यव्यापी नोंदवही सुरू केली, ती पोलिसांपुरती. १९८९ मध्ये मिनेसोटात जेकब वेटरलिंग या ११ वर्षांच्या मुलाचे अपहरण झाले. त्याच्या नावाने १९९४ मध्ये झालेल्या संघराज्य कायद्याने प्रत्येक राज्याला नोंदवही ठेवायला लावली. त्याच वर्षी न्यू जर्सीत मेगन कान्का या सात वर्षांच्या मुलीचा खून झाला. खुनी समोरच्याच घरात राहत होता. त्याला आधी अशाच गुन्ह्यांत शिक्षा झालेली होती आणि शेजाऱ्यांना याचा पत्ता नव्हता. या प्रकरणातून १९९६ चा ‘मेगन्स लॉ’ आला आणि पोलिसांच्या कपाटातली माहिती लोकांपुढे येऊ लागली. २००६ च्या ॲडम वॉल्श कायद्याने गुन्ह्यांच्या तीन श्रेणी पाडल्या आणि नोंदणीची मुदत १५ वर्षे, २५ वर्षे आणि आजन्म अशी ठरवली. या कायद्यांत निवासबंदी नाही. ती राज्यांनी आणि त्याहून जास्त शहरांनी आपापल्या हिमतीवर आणली. फ्लोरिडाने १९९५ मध्ये १,००० फुटांपासून सुरुवात केली. पुढे आयोवा आणि कॅलिफोर्नियाने २,००० फूट केले, मायामी-डेड परगण्याने २,५००. यांपैकी कोणताही आकडा अभ्यासातून निघालेला नव्हता. शेजारच्या गावाने १,००० फूट केले की आपण २,००० करायचे, अशी ती चढाओढ होती.

सर्वांत खोल रुजलेला समज म्हणजे ‘हे लोक सुटले की पुन्हा तेच करणार’. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या एका निकालपत्रात उपचार न घेतलेल्यांपैकी ८० टक्क्यांपर्यंत लोक पुन्हा गुन्हा करतात, असा आकडा आला आणि नंतरच्या कित्येक निकालांनी तो उचलला. कायद्याच्या अभ्यासकांनी माग काढला, तेव्हा त्याचे मूळ १९८६ च्या एका लोकप्रिय मानसशास्त्र मासिकातल्या लेखात सापडले. लेखक तुरुंगात उपचार-कार्यक्रम चालवणारा समुपदेशक होता आणि आकड्यामागे कोणतीही पाहणी नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात इतकी कच्ची गोष्ट इतकी वर्षे टिकावी, हे नवलच.

खरी मोजणी अमेरिकी न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागाने केली. १९९४ मध्ये १५ राज्यांच्या तुरुंगांतून सुटलेल्या ९,६९१ पुरुष लैंगिक गुन्हेगारांपैकी ५१७ जणांना, म्हणजे ५.३ टक्के लोकांना, तीन वर्षांत नव्या लैंगिक गुन्ह्यासाठी अटक झाली. २००५ मध्ये ३० राज्यांतून सुटलेल्यांचा नऊ वर्षे माग ठेवला, तेव्हा बलात्कार किंवा लैंगिक अत्याचारासाठी अटक झालेल्यांचे प्रमाण ७.७ टक्के निघाले. हे आकडे अटकेचे आहेत. न नोंदवलेले गुन्हे त्यांत येत नाहीत आणि लैंगिक गुन्ह्यांत असे न नोंदवलेले बरेच असतात. त्यामुळे खरे प्रमाण याहून जास्त धरायला हवे. तरीही ५.३ किंवा ७.७ पासून ८० फार लांब आहे. शिवाय हा धोका सर्वांचा सारखा नसतो. तरुण वय, अनोळखी बळी आणि आधीचे अनेक गुन्हे असतील तिथे तो जास्त असतो आणि सुटल्यानंतर गुन्ह्याविना गेलेल्या प्रत्येक वर्षागणिक तो घटतो. आजन्म नोंदणीला ही घट दिसत नाही.

१९९४ मध्ये सुटलेल्यांच्या अभ्यासात क्वचितच उद्धृत होणारी एक बाब आहे. त्या वर्षी दुसऱ्या गुन्ह्यांची, म्हणजे चोरी, मारामारी, अमली पदार्थ वगैरेंची शिक्षा भोगून सुटलेले कैदी २,६२,४२० होते. त्यांच्यापैकी ३,३२८ जणांना तीन वर्षांत लैंगिक गुन्ह्यासाठी अटक झाली. दर माणशी धोका पाहिला तर लैंगिक गुन्हेगाराचा चौपट ठरतो, म्हणजे त्याच्यावर जास्त लक्ष ठेवण्याला आधार आहे. पण सुटलेल्या कैद्यांकडून घडलेल्या अशा गुन्ह्यांची बेरीज केली तर १०० पैकी ८७ गुन्ह्यांतले आरोपी लैंगिक नव्हे, दुसऱ्याच गुन्ह्याची शिक्षा भोगून सुटलेले होते. न्यूयॉर्क राज्यातल्या २१ वर्षांच्या अटकांच्या अभ्यासात तर ९५ टक्क्यांहून जास्त लैंगिक गुन्ह्यांत अटक झालेल्याच्या नावावर आधीचा असा गुन्हाच नव्हता.

दुसरा समज धोका कुठून येतो याबद्दलचा. शाळेच्या फाटकाबाहेर घुटमळणारा अनोळखी इसम, हे चित्र निवासबंदीच्या मुळाशी आहे. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पोलीस-नोंदींच्या अभ्यासात १८ वर्षांखालच्या बळींपैकी ३४ टक्क्यांना घरच्याच माणसाने, ५९ टक्क्यांना ओळखीच्याने आणि ७ टक्क्यांना अनोळखी व्यक्तीने त्रास दिला होता. मेगन कान्काचा मारेकरीही समोर राहणारा होता, शाळेजवळ दबा धरून बसलेला नव्हता. भारतातले चित्र याच जातीचे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालात बलात्काराच्या सुमारे ९६ टक्के प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा होता. त्यांत नातेवाईक, शेजारी, मालक, मित्र, लग्नाचे आमिष दाखवणारे असे सगळे येतात.

फुटपट्टीने अंतर मोजले की मुले सुरक्षित होतात, हा समज मिनेसोटाच्या तुरुंग विभागाने २००७ मध्ये थेट तपासला. सुटल्यानंतर १९९० ते २००५ या काळात नव्या लैंगिक गुन्ह्यासाठी पुन्हा तुरुंगात आलेल्या २२४ जणांची प्रकरणे एकेक करून वाचली आणि निवासबंदी असती तर हा गुन्हा टळला असता का, असा प्रश्न प्रत्येक प्रकरणाला विचारला. उत्तर सगळीकडे ‘नाही’ आले. हे गुन्हेगार बळीपर्यंत पोचले ते ओळखीपाळखीतून, अनेकदा मुलाच्या आईशी संबंध जुळवून. अनोळखी मूल हेरणारे जे थोडे होते, ते बहुतेक आपल्या घरापासून दूर गेले होते. निवासबंदी माणूस रात्री कुठे झोपतो एवढेच ठरवते. दिवसभर तो कुठे हिंडतो याच्याशी तिला कर्तव्य नसते.

दाट वस्तीच्या शहरात शाळा, बागा आणि पाळणाघरांभोवती २,००० फुटांची, म्हणजे सुमारे ६१० मीटरची वर्तुळे काढली की ती एकमेकांत शिरतात आणि भाड्याने घर मिळेल अशी जागाच उरत नाही. मायामीत याची परिसीमा झाली. २००६-०७ पासून बिस्केन खाडीवरच्या ज्युलिया टटल पुलाखाली सुटलेले लैंगिक गुन्हेगार राहू लागले. नियमात बसणारा पत्ता त्यांना दुसरीकडे मिळत नव्हता आणि देखरेख अधिकाऱ्यांनाही ते ठाऊक होते. वस्ती शंभरीच्या घरात गेली. काहींच्या वाहन परवान्यावर पत्ता म्हणून चक्क पुलाचे नाव होते. पायातल्या इलेक्ट्रॉनिक कड्याची बॅटरी भरण्यासाठी त्यांना जनरेटर चालवावा लागे. २०१० मध्ये ती वस्ती उठवली, पण नियम राहिला आणि माणसे दुसरीकडे उघड्यावर गेली. आयोवात २००५ मध्ये निवासबंदीची अंमलबजावणी सुरू झाल्यावर ठावठिकाणा न लागणाऱ्यांची संख्या दुपटीहून वाढली. ज्यांचा पत्ता काल पोलिसांकडे होता, ते आज बेपत्ता. अखेर आयोवाच्या सरकारी वकिलांच्या संघटनेने २००६ मध्ये जाहीर निवेदन काढून या बंदीने मुलांवरचे गुन्हे कमी होत नाहीत असे सांगितले. आरोपींना शिक्षा मिळवून देणे हेच ज्यांचे काम, त्यांनी हे म्हणावे याला वजन आहे. २००९ मध्ये राज्याने ही बंदी निवडक गंभीर गुन्ह्यांपुरती आखडती घेतली. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सॅन डिएगो परगण्यात पॅरोलवर सुटलेल्यांना ती सरसकट लावणे घटनाबाह्य ठरवले.

महाराष्ट्राच्या वाचकाला इथे तडीपारी आठवेल. पण १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली तडीपारी फार तर दोन वर्षांची असते आणि आदेश त्या माणसाचे प्रकरण पाहून निघतो. अमेरिकी निवासबंदी अनेक ठिकाणी माणूस न पाहता लागू होते आणि मुदतीशिवाय चालते.

यावरून नोंदवहीच निरुपयोगी, असा निष्कर्ष काढणे हा उलटा गैरसमज ठरेल. प्रेस्कॉट आणि रॉकॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये राज्याराज्यांतली आकडेवारी ताडून पाहिली. पोलिसांकडे नोंदणी असल्याने ओळखीच्या आणि शेजारच्या बळींवरचे गुन्हे घटल्याची चिन्हे त्यांना दिसली. तीच यादी जनतेसाठी खुली केल्यावर मात्र यादीतल्या लोकांकडून पुन्हा गुन्हा घडण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. कारण शोधायला लांब जायला नको. घर, नोकरी आणि माणसांची सोबत या गोष्टी सुटलेल्याला ताळ्यावर ठेवतात आणि जाहीर यादी नेमक्या त्याच हिरावून घेते. इतर काही अभ्यासांत नोंदवहीचा कोणताच परिणाम आढळला नाही, त्यामुळे हा वाद मिटलेला नाही.

यादीतला प्रत्येक जण लहान मुलांचा शिकारी असतो, हेही खरे नाही. २००६ च्या एप्रिलमध्ये मेन राज्यात कॅनडाहून आलेल्या २० वर्षांच्या तरुणाने सरकारी संकेतस्थळावरून पत्ते काढून दोघांना त्यांच्या घरी गोळ्या घातल्या. त्यांतल्या एकाचा गुन्हा म्हणजे १९ व्या वर्षी सोळा पूर्ण व्हायला थोडेच दिवस उरलेल्या मैत्रिणीशी ठेवलेले संबंध. संकेतस्थळावर त्याचे छायाचित्र इतरांसारखेच होते. ज्या मुलाच्या नावाने पहिला संघराज्य कायदा झाला, त्याची आई पॅटी वेटरलिंग पुढे या याद्या फार फुगल्याचे आणि अल्पवयीन मुलांनाही त्यांत ओढल्याचे उघडपणे बोलू लागली.

पर्याय नाही, असेही नाही. ब्रिटनची १९९७ पासूनची नोंदवही पोलिसांपुरती आहे. पालकाला एखाद्या माणसाबद्दल शंका असेल तर तो पोलिसांकडे विचारणा करतो आणि गरज वाटली तर पोलीस फक्त त्यालाच माहिती देतात. कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये १९९४ पासून स्वयंसेवकांची छोटी मंडळे सुटलेल्या माणसाला नियमित भेटतात, आधार देतात आणि जाबही विचारतात. मिनेसोटात त्याच धर्तीवर झालेल्या चाचणीत, लहान प्रमाणावर का होईना, पुन्हा अटक होण्याचे प्रमाण ठळकपणे घटले.

भारतात अशी नोंदवही नाही, हा समज २०१८ पासून जुना झाला. त्या वर्षी २० सप्टेंबरला गृह मंत्रालयाने राष्ट्रीय लैंगिक गुन्हेगार माहितीसंच सुरू केला, तेव्हा त्यात सुमारे ४.४ लाख नोंदी होत्या. तो फक्त तपास यंत्रणांना पाहता येतो आणि निवासबंदी त्याला जोडलेली नाही. तो जनतेला खुला करावा अशी मागणी होत असते. पण पीडितेची ओळख उघड करायला भारतीय कायद्यात मनाई आहे, आणि मुलांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याच्या २३ व्या कलमाने ती आणखी कडक केली आहे. गुन्हेगार बाप, मामा किंवा चुलता असेल, तर त्याचे नाव आणि पत्ता जाहीर होताच गावाला मुलीचे नाव वेगळे सांगावे लागत नाही.